एका पंक्तीस बसण्याचा प्रश्न

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



आजच्या संमेलनात भोजनापूर्वी चार शब्द सांगण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. मधल्या सुटीच्या आधीचा तास आम्ही वर्षानुवर्षे घेतला आहे. म्हणून भुकेल्या श्रोत्यांपुढे किती बोलावे आणि कोठे थांबावे, याचा थोडाफार अनुभव आमच्या गाठीस आहे. मसालेभाताच्या वासाशी स्पर्धा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. तथापि आजचा विषय भोजनाचाच असल्यामुळे आपण थोडा धीर धराल, अशी आशा वाटते.

माणसाने माणसाशेजारी बसून अन्न खावे की नाही, हा तो विषय. आजच्या तरुणांस हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. ठाण्यास मामलेदार कचेरीजवळ मिसळ खाताना शेजारच्या बाकावर कोण बसला आहे, हे कोणी विचारीत नाही. डोंबिवलीत संध्याकाळी गाडीतून उतरलेली गृहिणी पोळीभाजी केंद्रातून दहा पोळ्या घेते, त्या कोणी लाटल्या याची चौकशी तिला करावीशी वाटत नाही. सकाळच्या लोकलमध्ये ठरलेल्या मंडळींचे डबे उघडतात, तेव्हा एकाची चटणी दुसऱ्याच्या पोळीवर जाते आणि कळवा येण्यापूर्वी डबा रिकामा होतो. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की, ते कोणी तरी मिळवून दिले आहे, त्याची किंमत कोणी तरी मोजली आहे, हेच आपण विसरलो आहोत. त्या विस्मृतीस थोडा धक्का द्यावा आणि मग आपल्याच घरातील एका प्रश्नाकडे वळावे, एवढाच आजचा हेतू आहे.

आपल्या समाजात जातीचे मोजमाप दोन शब्दांनी होत आले: रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या पंक्तीस बसता येते, आणि कोणाच्या घरी मुलगी देता येते, एवढे कळले की माणसाची जागा ठरली. जुन्या ज्ञातिसभांचे खरे शस्त्र तरी कोणते होते? पंक्तीतून उठविणे हेच ते शस्त्र. एखाद्या घरावर ग्रामण्य आले की त्या घरी कोणी जेवावयास जाईना आणि त्यांस कोणी बोलावीना. त्या घरातील लग्नकार्य अडे, मयतास खांदा मिळेना. अशा सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या विधिमंडळास २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ते शस्त्र किती काळ परजलेले राहिले हे ध्यानात येईल.

या शस्त्रास पहिला धक्का आपल्या या भागात कोणा सुधारकाने न देता आगगाडीने दिला, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. तिकीट काढलेल्या माणसास बाकावरून उठविण्याचा अधिकार कोणत्याही ज्ञातिसभेस नव्हता. तरीही स्थानकावरील पाणी हिंदूंचे निराळे आणि मुसलमानांचे निराळे, अशी व्यवस्था पुढे कित्येक दशके चालली. माणसे बाकावर एकत्र बसली, परंतु तहान मात्र वेगवेगळी राहिली.

सुधारकांनी प्रयत्न केले ते आधी लपूनछपून. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मानणार नाही, याची खूण म्हणून सभासद परक्याच्या हातचा पाव खात. परंतु हे सर्व बंद दाराआड होई. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि त्या भयानेच सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि एका पेल्याने पुणे हादरले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर प्रायश्चित्ते घ्यावी लागली. ज्यांच्या विद्वत्तेपुढे सरकारही जपून वागे, अशी ही माणसे होती. त्यांस जर चहाच्या पेल्याचा हिशेब द्यावा लागला, तर सामान्य गृहस्थाची काय कथा!

बंधुभगिनींनो, येथवर आपण उच्च मानल्या गेलेल्या लोकांच्या संकोचाची गोष्ट पाहिली. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. ज्यांच्या हातचा चहा कोणी घेत नव्हते आणि ज्यांस कोणी दुकानात बसू देत नव्हते, त्यांची ती बाजू.

कोल्हापुरास गंगाराम कांबळे नावाचे एक गृहस्थ राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीस होते. ते अस्पृश्य मानलेल्या समाजातील. पाण्याच्या हौदास शिवल्यावरून त्यांस इतर नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी अपराध्यांस शासन केले, आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य दिले. गंगारामांनी चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ होते आणि चहा उत्तम होता, परंतु गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज फिरावयास निघाले की आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करीत, चहा मागवून सर्वांदेखत पीत आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. छत्रपतींच्या बरोबर असताना नको म्हणण्याची सोय कोणास होती? १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने व शाळा यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. तथापि आम्हांस असे वाटते की, हुकमाच्या कागदाने जे झाले, त्याइतकेच त्या रस्त्यावरच्या पेल्यानेही झाले.

परंतु प्रत्येक गावी राजा चहा प्यावयास येत नसतो. महाडची गोष्ट आपल्या कोकणातली. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादुर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांस खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. जाहीर झाले खरे, परंतु तळ्यावर जाण्याचे धैर्य कोणास झाले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली, जमाव चालून आला आणि मंडपात भोजनास बसलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. अन्नाची नासाडी झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. प्रतिकार करण्यास समर्थ असे शेकडो लोक तेथे होते, त्यांत सैन्यातून निवृत्त झालेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांस आवरले. पुढे दहा वर्षे दावा चालून १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळ्याविषयीचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. भरल्या ताटावरून उठविलेल्या माणसाने हात न उगारणे यास केवढा संयम लागतो, याचा विचार आपण आज पान वाढले जाण्यापूर्वी अवश्य करावा.

त्याच सुमारास रत्नागिरीस स्थानबद्ध असलेले स्वातंत्र्यवीर सावरकर सहभोजनाची चळवळ करीत होते. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि १९३३ साली अखिल हिंदू उपहारगृह निघाले. ज्या काळी चहाच्या दुकानांवर जातींच्या पाट्या असत, त्या काळी सर्व जातींच्या हिंदूंनी एकाच बाकावर बसून खावे यासाठी मुद्दाम काढलेले हे उपहारगृह होते. नावातच त्याची मर्यादाही आली आहे, ती आम्ही झाकून ठेवीत नाही. तरीही त्या काळच्या कोकणात तो बाक ही लहान गोष्ट नव्हती. मुंबईकडे अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घातली. पुढे तर ज्या सत्यनारायणाच्या प्रसादास अस्पृश्यांचा हात लागू नये असा दंडक होता, त्याच पूजेस अस्पृश्य मानलेले दांपत्य बसवून प्रसाद म्हणून झुणका-भाकर वाटण्याचा क्रम त्यांनी चालविला. लोकांनी त्यांस समतानंद म्हटले ते उगीच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न दानधर्माचा राहिला नाही, हक्काचा झाला. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपहारगृहे, खानावळी, विहिरी, तलाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता पाळणे हा शिक्षेस पात्र अपराध ठरला आणि १९७६ साली त्याच कायद्यास नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. घटना लिहिणाऱ्या थोर पुरुषांस खानावळीचा उल्लेख करणे क्षुद्र वाटले नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पोटाशी जडलेला अपमान किती खोल जातो, हे त्यांस ठाऊक होते.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. परंतु तेथे जाण्याचा रस्ता आपल्या नागपुरावरूनच जातो, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात जेम्स लॉसन नावाचा एक तरुण अमेरिकन काम करीत होता. तो कृष्णवर्णी होता, ख्रिस्ती धर्मकार्यासाठी आला होता आणि मुलांस खेळ शिकवी. कोरियाच्या युद्धात सैन्यभरती नाकारल्याबद्दल त्याने मायदेशी कारावास सोसला होता. वर्धा आणि सेवाग्राम नागपुराहून हाकेच्या अंतरावर. महात्माजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्याने येथे मन लावून केला. माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची बातमी त्याने वाचली ती नागपुरात. तो परत गेला, मार्टिन ल्यूथर किंग यांस भेटला, आणि त्यांच्या आग्रहावरून दक्षिणेकडील नॅशव्हिल शहरी विद्यार्थ्यांस अहिंसेचे शिक्षण देऊ लागला.

तिकडच्या दुकानांतील व्यवस्था अशी होती. मोठ्या दुकानात कृष्णवर्णी माणसाने कापड घ्यावे, वही घ्यावी, दंतमंजन घ्यावे, त्याचे पैसे आनंदाने घेतले जात. त्याच दुकानात कोपऱ्यात फराळाची लांब फळी असे आणि तिच्यासमोर उंच बैठका. तेथे मात्र त्याने बसावयाचे नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅककेन आणि जोसेफ मॅकनील ही त्यांची नावे. त्यांनी प्रथम किरकोळ खरेदी केली, पावती घेतली आणि मग फळीसमोर बसून कॉफी मागितली. एका फळीवर आमचे पैसे चालतात, ते दुसरीवर का चालू नयेत, एवढाच त्यांचा सवाल. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी अधिक मित्रांस घेऊन पुन्हा आले.

नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी तर महिनेच्या महिने आधी तालीम केली होती. लॉसन त्यांच्यापैकी काहींस शिवीगाळ करावयास लावी, खुर्चीवरून ओढावयास लावी, आणि बाकीच्यांनी शांत राहण्याचा सराव करावा. मार खाल्ला तरी हात उगारावयाचा नाही, ताठ बसावयाचे, तोंड फळीकडे ठेवावयाचे, असे त्यांचे नियम. १३ फेब्रुवारीपासून ते बसावयास जाऊ लागले. त्यांस ढकलले गेले, मारहाण झाली, आणि अटक झाली ती मारणाऱ्यांस सोडून मार खाणाऱ्यांस. लॉसन ज्या विद्यापीठात शिकत होता, त्याने त्यास काढून टाकले. एप्रिलात त्यांच्या वकिलाच्या घरावर स्फोटके टाकण्यात आली. त्या दिवशी हजारो लोक मूकपणे नगरभवनापर्यंत चालत गेले. तेथे डायेन नॅश या विद्यार्थिनीने महापौरांस सर्वांसमक्ष विचारले की, केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे आपणांस योग्य वाटते काय? महापौरांनी, नाही, योग्य वाटत नाही, असे उत्तर दिले. त्या एका प्रामाणिक उत्तराने गाठ सैल झाली.

पुढचा भाग आम्हांस विशेष शिकण्यासारखा वाटतो. व्यापारी आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून असे ठरविले की, आरंभी थोड्याच लोकांनी, दुकानदारास आधी कळवून, ठरलेल्या दिवशी येऊन फराळ करावा. वृत्तपत्रांनी गाजावाजा करू नये, अशी विनंती करण्यात आली. १० मे १९६० रोजी सहा दुकानांत कृष्णवर्णीयांस प्रथम वाढण्यात आले, आणि काही आठवड्यांत कोणीही केव्हाही येऊन बसू लागला. आकाश कोसळले नाही. ग्रीन्सबरोस २५ जुलै उजाडला. तेथे त्या फळीवर पहिले खाणे कोणास मिळाले? त्या चार विद्यार्थ्यांस नव्हे. त्याच दुकानात नोकरी करणाऱ्या चार कृष्णवर्णी माणसांस मिळाले. इतकी वर्षे जेथे राबावयाचे तेथे बसावयाचे नाही, हा त्यांचा नियम होता, तो त्या दिवशी संपला. २ जुलै १९६४ रोजी सबंध देशासाठी कायदा झाला. नागपुरास राहून गेलेला तो जेम्स लॉसन २०२४ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, निवर्तला.

या सर्व हकिगतींत आम्हांस एक समान धागा दिसतो. प्रत्येक ठिकाणी दुकानदार एकच गोष्ट सांगे: माझे स्वतःचे काही म्हणणे नाही हो, पण गिऱ्हाईक तुटेल. गिऱ्हाईक म्हणे, मला काही वाटत नाही, पण चार लोक काय म्हणतील? ते चार लोक कोण, याचा शोध कोणी घेतला नाही. घेतला असता, तर त्यांत आपण स्वतःच एक आहोत असे आढळून आले असते.

हे आम्ही दुसऱ्यास दोष देण्यासाठी बोलत नाही. १९८१ साली मुरबाड तालुक्यातील एका गावी आमची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. गावाचे नाव घेण्याचे कारण नाही. एस.टी.च्या थांब्याजवळ एक चहाचे दुकान होते, गावकरी त्यास हॉटेल म्हणत. दुकानाबाहेर भिंतीत कोनाडा होता आणि त्यात तीन कानतुटके कप पालथे घातलेले असत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील माणूस आला की त्याने कोनाड्यातून कप घ्यावा, वरून ओतलेला चहा उभ्याने प्यावा, कप स्वतः विसळावा, आणि पुन्हा पालथा ठेवावा. कायदा होऊन सव्वीस वर्षे झाली होती. आम्ही वर्गात नागरिकशास्त्र शिकवीत होतो. एके सकाळी आमच्याच वर्गातील एका मुलाचा बाप त्या कोनाड्याशी उभा राहून चहा पीत होता आणि मुलगा शेजारी दप्तर घेऊन उभा होता. आम्ही आत बाकावर बसून बशीतला चहा फुंकीत होतो. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही वर्तमानपत्र वर धरले. त्यानंतर अकरा महिने आम्ही त्याच बाकावर रोज चहा घेतला, हे आज या व्यासपीठावरून सांगताना आम्हांस लाज वाटते.

मग आमच्या शाळेस नवे मुख्याध्यापक आले. ते अबोल गृहस्थ होते, भाषण वगैरे त्यांस जमत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी जाताजाता कोनाड्यातील एक कप उचलला, आत येऊन बाकावर बसले आणि त्यात चहा ओतावयास सांगितले. मालक गडबडला. "गुरुजी, तो कप तुमचा नव्हे." "मग कोणाचा?" मालकास उत्तर देता येईना. शेवटी त्याने चहा ओतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आम्हीही एक कप उचलला. आमचा हात थरथरत होता, हेही सांगून टाकतो. काही गावकऱ्यांनी दुकानाकडे येणे सोडले. मालक संध्याकाळी शाळेत येऊन रडकुंडीस आला. मुख्याध्यापकांनी त्यास सांगितले की, दोन्ही वेळचा चहा आम्ही शिक्षक तुझ्याकडेच घेऊ, पण कप एकाच फळीवर ठेव. पंधरवडाभर गावात कुजबुज झाली. पुढे भातकापणी आली, माणसांस चहा हवाच होता, आणि रुसलेले एकेक करून परतले. कोनाड्यात मालकाने देवाची तसबीर ठेवली.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. त्या मुलाचा बाप त्यानंतरही कित्येक दिवस बाहेरच उभा राहून चहा पिई. आता त्यास कोणी अडवीत नव्हते, कप सर्वांचे सारखे होते, बाक रिकामा होता, तरी तो आत येईना. आम्हांस वाटे, आता दार तर उघडले आहे, मग हा का येत नाही? मुख्याध्यापकांनी एके दिवशी बाहेर जाऊन त्यांस नावाने हाक मारली, "या, बसा," म्हणून शेजारी जागा करून दिली, तेव्हा ते आत आले. ज्याच्या अनेक पिढ्या उंबऱ्याबाहेर गेल्या, त्यास अडविले नाही एवढ्याने पुरत नाही. त्यास बोलवावे लागते. हा धडा आम्ही कोणत्याही पुस्तकातून शिकलो नाही.

आणि आता, ज्ञातिबंधूंनो, आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळतो.

डॉक्टर आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी एक कटू सत्य सांगितले आहे. केवळ सहभोजनाने जात जात नाही, मिश्रविवाहानेच ती खऱ्या अर्थाने सुटते, असा त्यांचा अभिप्राय. त्याची प्रचीती आपल्या संस्थेत येते. हॉटेलात आपण कोणाही शेजारी बसतो, परंतु आपल्याच कन्येने अन्य ज्ञातीत विवाह केला की कुटुंबसूचीतून तिचे नाव गळते, संमेलनाचे निमंत्रण तिच्या घरी जात नाही आणि भोजनाची कुपने तिच्या नावे निघत नाहीत. मुलाने परज्ञातीतील मुलगी केली तर ती मात्र सून म्हणून सूचीत येते. हा कोठला न्याय? गेल्या सर्वसाधारण सभेत एका वयोवृद्ध सभासदांनी हाच प्रश्न विचारला. त्यांची कन्या कल्याणातच राहते, आईवडिलांची सेवा करते, आणि संमेलनाच्या दिवशी त्यांस दारापर्यंत सोडून परत जाते. घटनेतील नियमांचा विचार करावा लागेल म्हणून तो विषय पुढे ढकलण्यात आला. पुढे ढकलावा म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. वर्तमानपत्र वर धरण्याची आमची जुनी खोड अद्याप गेलेली नाही, असेच म्हणावयाचे.

कोणी म्हणतील, ज्ञातिसंस्था आहे, तेव्हा मर्यादा हवीच. आम्ही संस्था मोडा असे म्हणत नाही. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीने अनेकांची शिक्षणे पुरी केली आहेत, आजारी वृद्धांस हात दिला आहे. पूर्वजांनी ही संस्था परस्परसाहाय्यासाठी काढली. साहाय्य करणाऱ्या संस्थेस कोणाला तरी बाहेर उभे ठेवण्याची आवश्यकता का भासावी? आणि कोणी म्हणतील, त्यांस यावयाचे असेल तर येऊ द्या, आपण कोठे अडवितो? त्यास उत्तर म्हणून कोनाड्याशी उभा राहिलेला तो गृहस्थ आम्ही आपणांपुढे ठेवला आहे. आपल्या लेकी मानी आहेत. निमंत्रणाशिवाय त्या येणार नाहीत आणि येऊही नयेत.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली मंडळास: पुढील संमेलनापूर्वी सूची दुरुस्त करावी आणि ज्या कन्यांची नावे गळली, त्यांच्या घरी पदाधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन, जावई व मुलाबाळांसह, निमंत्रण द्यावे. नॅशव्हिलच्या लोकांप्रमाणे गाजावाजा न करता, थोड्या घरांपासून आरंभ केला तरी चालेल. परंतु आरंभ व्हावा. या कामी ज्यांस संकोच वाटेल, त्यांच्या बरोबर चालण्यास आम्ही तयार आहोत. गुडघे दुखतात, तरी जिने चढू.

दुसरी विनंती आजचीच आहे आणि तिला घटनादुरुस्ती लागत नाही. पहाटेपासून चुलीशी राबणारे आचारी, वाढपी आणि मागे भांडी घासणाऱ्या मावशी आपल्या दोन पंक्ती उठल्यानंतर मागच्या पडवीत, उरलेसुरले घेऊन, उभ्याउभ्या जेवतात. दरवर्षी आपण हे पाहतो. आज तिसरी पंगत त्यांची, याच मंडपात, याच पाटांवर, केळीच्या पानावर व्हावी, आणि वाढावयास कार्यकारी मंडळाने उभे राहावे. वरण-भात वाढण्याचे काम आमचे आणि आमच्या मंडळींचे, हे आम्ही घरूनच ठरवून आलो आहोत. दोन-चार तरुण भाजी व जिलबी वाढावयास पुढे आले तर बरे होईल.

मधली सुटी होण्याची घंटा केव्हाच झाली आहे, तेव्हा अधिक बोलत नाही.  पाने मांडावयास हरकत नाही. इत्यलम्.